‘नेट बंद आहे’ म्हणजे नेमकं काय बंद आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोरेगावला एका सीएच्या ऑफिसात तुम्ही अकाउंट्स बघता. दहा-बारा कॉम्प्युटर, एकावर टॅलीचा सगळा डेटा, दोन प्रिंटर, चार कॅमेरे. कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं एवढ्या अपराधापायी नेटवर्क तुमच्या गळ्यात पडलंय. आयपी, मॅक, सबनेट मास्क, गेटवे, डीएचसीपी, नॅट, डीएनएस या सगळ्यांच्या व्याख्या पाठ झाल्यात, पण कुणी ‘नेट बंद आहे’ म्हणून हाक मारली की यातला कुठला शब्द कामाला येतो ते सुचत नाही. शिवाय तीन किरकोळ तक्रारी. कनेक्शन ३०० एमबीपीएसचं, पण एका टेबलावर स्पीड ९४ च्या वर जात नाही. लाईट जाऊन आली की प्रिंटर ‘ऑफलाइन’ होतो. आणि कॅमेरे घरून दिसावेत म्हणून सर पब्लिक आयपी घ्यायला सांगतात.

त्या तक्रारींना किरकोळ म्हणू नका. नेटवर्किंगचे निम्मे शब्द त्यांतच आहेत. व्याख्या पाठ असूनही अडायला होतं, कारण क्लासमध्ये आणि व्हिडिओत हे शब्द सुटे सुटे शिकवतात. प्रत्यक्षात त्यांना एक क्रम आहे. तुमच्या कॉम्प्युटरमधून निघालेल्या पॅकेटला, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्याला, आधी तार लागते, मग स्वतःचा पत्ता, मग शेजारी, मग बाहेर जायचा रस्ता आणि बाहेर कुणाकडे जायचं त्याचा पत्ता. यातली जी गोष्ट अडली असेल तेवढीच दुरुस्त करायची असते.

ऑफिसातलंच बघा. टॅली व्यवस्थित चालते, पण जीएसटी पोर्टल उघडत नाही, ही एक तऱ्हा. पोर्टल झटक्यात उघडतं, पण टॅलीला सर्व्हर सापडत नाही, ही बरोबर उलटी तऱ्हा. ओरड मात्र दोन्ही वेळा एकच, नेट बंद आहे! पहिल्या तऱ्हेत ऑफिसातलं नेटवर्क, म्हणजे लॅन, ठणठणीत आहे. गडबड राउटरपाशी किंवा त्याच्या पलीकडे आहे. दुसऱ्या तऱ्हेत इंटरनेट उत्तम आहे, बिघाड तुमच्याच चार भिंतींत आहे आणि केबलवाल्याला फोन करून काही उपयोग नाही. एवढा एक प्रश्न आधी विचारलात तरी निम्मी धावपळ वाचते.

नेटवर्कचं काम सात थरांत मांडणारा ओएसआयचा तक्ता पाठ करायचा असेल तर इंटरव्ह्यूसाठी करा. इंटरनेट चालतं ते टीसीपी/आयपी या नियमांवर. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेट या अमेरिकी नेटवर्कने १ जानेवारी १९८३ ला हे नियम स्वीकारले आणि तिथून पुढचं जग त्यावरच उभं आहे. त्या तक्त्यातली एक सवय मात्र उचलण्यासारखी आहे: तपासणी खालून वर करायची. खालून म्हणजे तारेपासून.

तुमचा ९४ चा आकडा पाहिल्याबरोबर मला संशय आला तो तारेचाच. स्पीड टेस्ट ८० दाखवते, १५० दाखवते, कमीजास्त होते, तेव्हा कारणं अनेक असतात. पण रोज, कुठल्याही वेळी, ९३ ते ९५ च्या दरम्यानच आकडा येत असेल तर ती लिंक, म्हणजे त्या कॉम्प्युटरची तारेची जोडणी, १०० एमबीपीएसवर अडकलेली आहे. पॅकेटवरचे हेडर, म्हणजे पत्त्यांचा मजकूर, वगैरे वजा जाता हाती तेवढंच उरतं. नेटवर्कच्या केबलीत आठ तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार जॅकमध्ये नीट बसली नसेल, तर दोन्ही टोकांची यंत्रं बहुतेक वेळा आपसात ठरवून १०० वर उतरतात आणि काम चालू ठेवतात. एरर येत नाही, दिवा लागलेला असतो, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही.

विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्या कनेक्शनची लिंक स्पीड बघा. तिथे १००० ऐवजी १०० दिसेल. मग आधी पॅचकॉर्ड, म्हणजे टेबलाजवळची छोटी वायर, बदला, सगळ्यात स्वस्त उपाय तो. फरक नाही पडला तर स्विचवरचा, म्हणजे सगळ्या वायरी जिथे जुळतात त्या डब्यावरचा, पोर्ट (भोक) बदला. जुने स्विच आणि स्वस्तातले राउटर यांचे पोर्टच १०० चे असतात, हेही तपासा. तरीही तेच, तर दोन्ही टोकांचे जॅक पुन्हा दाबून बसवून, म्हणजे क्रिंप करून, घ्या. रंगांचा क्रम ठरलेला आहे: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही बाजूंना हाच. आणि इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात ऑफिस असेल तर फॉल्स सीलिंगवर टॉर्च मारून बघायला विसरू नका. उंदरांना केबलीचं आवरण फार आवडतं.

केबल नव्याने घ्यायची वेळ आली तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन ‘कॅट सिक्स द्या’ एवढंच सांगू नका. शुद्ध तांब्याची हवी, असं स्पष्ट मागा. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल बऱ्याच कमी भावात मिळते, नवी असताना चालतेही. पण ती ठिसूळ असते, लांब अंतरावर दगा देते, आणि त्याच तारेतून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर आणखीनच वाईट. तांब्याच्या केबलीलाही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०० मीटरची मर्यादा आहे, ती ओलांडू नका.

तारेनंतर स्विच. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक मॅक अ‍ॅड्रेस असतो. त्याचा पहिला अर्धा भाग बनवणाऱ्या कंपनीची ओळख सांगतो. कुठल्या पोर्टवर कुठला मॅक बोलतोय हे स्विच ऐकून लक्षात ठेवतो आणि पॅकेट नेमकं त्याच पोर्टवर सोडतो. त्याला इंटरनेट म्हणजे काय ते ठाऊक नसतं, आयपीशीही, म्हणजे यंत्राच्या नेटवर्कवरच्या पत्त्याशीही, देणंघेणं नसतं. मॅक अ‍ॅड्रेस या खोलीपुरता. राउटरच्या पलीकडे तुमचा मॅक कुणाला दिसत नाही. नवे फोन तर प्रत्येक वायफायसाठी वेगळा बनावट मॅक वापरतात, म्हणून मॅक पाहून फोन ओळखायच्या फंदात पडू नका.

स्विचच्या बाबतीत एक धोका सांगून ठेवतो. सफाई करताना कुणाला एक सुटी वायर दिसते आणि तो ती दिसेल त्या भोकात खोचतो. दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली की लूप तयार होतो. सगळ्यांसाठी असलेलं एकच पॅकेट गोल गोल फिरत राहतं, क्षणात त्याची लाखो होतात आणि सगळं ऑफिस एकदम ठप्प. खूण सोपी आहे, स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकतात. महाग स्विच लूप ओळखून तो पोर्ट बंद करतात; साधे करत नाहीत. अशा वेळी एकेक वायर काढत जायचं. जी काढल्यावर दिवे शांत होतील, ती दोषी.

आता आयपी, मास्क आणि गेटवे. हे तीन शब्द वेगवेगळे शिकवणं हीच चूक आहे. एका प्रश्नाची ती तीन अंगं आहेत. सोसायटीतल्या कुणाला डबा द्यायचा असेल तर आपण थेट त्याचं दार वाजवतो, परगावी पाठवायचा असेल तर कुरियरवाल्याच्या हातात देतो. कॉम्प्युटरही प्रत्येक पॅकेटच्या वेळी हेच ठरवतो. पत्ता आतला की बाहेरचा हे सांगतो सबनेट मास्क, आणि बाहेरचा असेल तर ज्याच्या हातात द्यायचं तो गेटवे, म्हणजे तुमचा राउटर.

समजा तुमचा आयपी १९२.१६८.१.२३ आहे, मास्क २५५.२५५.२५५.०. मास्कचा अर्थ, पहिले तीन आकडे सारखे असतील तो आपला, बाकीचे परके. टॅलीचा सर्व्हर १९२.१६८.१.१० वर आहे, म्हणजे आपला. मग कॉम्प्युटर सगळ्या ऑफिसला ओरडून विचारतो, १० नंबर कुणाचा? सर्व्हर आपला मॅक सांगतो आणि पॅकेट स्विचमधून थेट त्याच्याकडे जातं. या विचारपूशीला एआरपी म्हणतात. राउटर यात कुठेच आला नाही. म्हणूनच राउटर बंद पडला तरी, पत्ते हातात आहेत तोवर, टॅली आणि प्रिंटर चालू राहू शकतात. या मास्कमध्ये २५४ यंत्रं मावतात, तुमच्या ऑफिसला भरपूर झाली.

आता ती उलटी तऱ्हा, नेट आहे पण टॅली नाही. लॅपटॉपवर ही फार दिसते, आणि कारण बहुधा एकच. केबलवाल्याने बसवलेल्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, स्वतःचं वायफाय असतं. ऑफिसचा राउटर त्याच्या मागे वेगळा. कुणाचा तरी लॅपटॉप ऑफिसच्या वायफायऐवजी त्या डब्याच्या वायफायला चिकटतो. त्याला पत्ता मिळतो भलत्याच मालिकेतला, समजा १९२.१६८.१००.५. इंटरनेट तिथेही आहे, म्हणून पोर्टल उघडतं. पण टॅलीचा सर्व्हर आता त्याच्या दृष्टीने परक्या गावात आहे, तोही दुसऱ्या राउटरच्या आड. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालवून तिसरा आकडा बघितला की अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. डब्याचं वायफाय कायमचं बंद करून टाका.

हा पत्ता कॉम्प्युटरला मिळतो कुठून? डीएचसीपीकडून. ते काम बहुतेक ऑफिसांत राउटरच करतो: यंत्र चालू झालं की पत्ता मागतं, राउटर मोकळा असलेला एक ठरावीक मुदतीसाठी देतो, सोबत मास्क, गेटवे आणि डीएनएसही, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाराही. तुमच्या प्रिंटरची कथा इथली आहे. लाईट जाते, साध्या राउटरची कुणाला काय दिलं होतं ही नोंद पुसली जाते, लाईट आल्यावर सगळी यंत्रं एकदम पत्ता मागतात आणि जो आधी येईल त्याला आधीचा नंबर मिळतो. प्रिंटर काल ३० वर होता, आज ३४ वर आहे. कॉम्प्युटर मात्र अजून ३० वरच कागद पाठवतोय आणि तिथे आता कुणाचा तरी मोबाईल बसलाय. प्रिंटर बिघडलेला नाही, त्याचा पत्ता बदललाय.

कायमचा उपाय राउटरमध्येच आहे. डीएचसीपीच्या पानावर ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ असा पर्याय असतो. प्रिंटरचा मॅक तिथे टाकून त्याला एक नंबर बांधून द्या. टॅलीच्या सर्व्हरला आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरलाही तसंच करा. प्रिंटरमध्ये जाऊन हाताने आयपी टाकायची पद्धतही आहे, पण मग तो नंबर राउटरच्या वाटपाच्या मालिकेबाहेरचा घ्यायला हवा, नाहीतर एक दिवस तोच नंबर दुसऱ्याला जाईल आणि दोघं भांडत बसतील.

डीएचसीपीबद्दल आणखी दोन खुणा. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच एक लावून घेतलाय. राउटरपर्यंत त्याचा आवाज पोहोचत नाही. परत तारेकडे जा. आणि अचानक निम्म्या ऑफिसचं नेट गेलं, निम्म्याचं चालू, असं झालं तर कुणी घरचा जुना राउटर आणून जोडलाय का ते विचारा. वायफाय कोपऱ्यापर्यंत पोहोचावं म्हणून लोक हे चांगल्या हेतूने करतात. मग एकाच लॅनवर पत्ते वाटणारे दोन होतात आणि ज्याला चुकीच्याकडून पत्ता मिळाला तो रस्ता चुकतो. जुना राउटर वापरायचाच असेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला वेगळा आयपी द्या आणि वायर त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा.

तिसरी तक्रार, कॅमेरे आणि पब्लिक आयपी. इथे जरा थांबतो, कारण या सल्ल्यात पैसे जातात आणि धोकाही येतो.

आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जगात मिळून जेमतेम ४२९ कोटी पत्ते. प्रत्येक फोनला एक द्यायचा तर ते पुरणारच नव्हते, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. त्याआधीच तोड काढलेली होती. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ या मालिका १९९६ च्या आरएफसी १९१८ या नियमपत्राने खासगी वापरासाठी बाजूला ठेवल्या. त्या कुणीही, कितीही ठिकाणी वापराव्यात. म्हणून तुमच्या ऑफिसात १९२.१६८.१.१ आहे आणि वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातही तोच आहे, तरी भांडण नाही. हे पत्ते बाहेर चालत नाहीत. बाहेर जाताना राउटर तुमचा पत्ता काढून स्वतःचा लावतो, कुणाचं पॅकेट होतं ते पोर्ट नंबरासकट (हा पोर्ट म्हणजे स्विचवरचं भोक नव्हे, यंत्रातल्या प्रोग्रामचा नंबर) लिहून ठेवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला देतो. हे नॅट.

यातून एक गोष्ट आपोआप घडते: आतून बाहेर जाता येतं, पण बाहेरून कुणी न विचारता आत येऊ शकत नाही, कारण राउटरच्या वहीत त्याची नोंदच नसते. कॅमेरे घरून थेट दिसत नाहीत ते यामुळे. पुढे अनेक इंटरनेट कंपन्यांनी राउटरलाही खरा पत्ता देणं सोडलं. शेकडो ग्राहकांना मिळून एक पब्लिक पत्ता आणि मध्ये कंपनीचं आपलं मोठं नॅट. त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ ही मालिका २०१२ मध्ये राखून ठेवली गेली. तुमच्या राउटरच्या वॅन पानावर, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या सेटिंगमध्ये, त्यातला किंवा १० ने सुरू होणारा आकडा दिसला, तर तुम्ही दुहेरी नॅटच्या आत आहात. मग तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरून काहीच आत येणार नाही.

पब्लिक आयपी घेतला की ही अडचण सुटते, हे खरं. पण कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरकडे पोर्ट उघडून देणं म्हणजे तो रेकॉर्डर सगळ्या जगासमोर ठेवणं. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने नेमके असेच कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर पकडले. कंपनीने दिलेला पासवर्ड कुणी बदललेला नव्हता, बस. त्या यंत्रांची फौज ऑक्टोबर २०१६ मध्ये डाइन या डीएनएस कंपनीवर सोडली गेली आणि ट्विटरसकट कितीतरी मोठ्या साइट काही तास अनेकांना उघडेनात. तुमच्या ऑफिसात शे-दोनशे लोकांची पॅनकार्डं आणि बँक स्टेटमेंटं पडलेली आहेत. माझं मत: नुसत्या कॅमेऱ्यांसाठी पब्लिक आयपी घेऊ नका. रेकॉर्डरचं स्वतःचं अ‍ॅप असतं. त्यात रेकॉर्डर स्वतःहून बाहेर कनेक्शन काढतो, म्हणून नॅट आड येत नाही. पासवर्ड बदला, फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत ठेवा, काम भागतं. घरून टॅलीवरही काम करायचं असेल तेव्हा पब्लिक आयपी घेऊन राउटरवर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसपर्यंतचा बंदिस्त रस्ता, लावणं योग्य. दुरून कॉम्प्युटर चालवायच्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट थेट बाहेर उघडायला कुणी सांगितलं तर त्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

आयपीव्ही६ मध्ये पत्ता १२८ बिटांचा असल्याने टंचाईच नाही. मोबाईल नेटवर्कमुळे त्याच्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. तुमच्या फोनला बहुधा तसा पत्ता असेलच. ऑफिसच्या लॅनवर सध्या त्याची चिंता करू नका.

डीएनएस समजायला सोपं, पण ते गेलं की घोटाळा मोठा. १९८३ च्या आधी नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एका फाइलीत असत. ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे आणि सगळे तिथून उतरवून घेत. नावं वाढली तसं ते झेपेना, मग पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना केली. आता कुणाचंही नाव एका जागी नाही. विचारत विचारत शोधावं लागतं आणि मिळालेलं उत्तर ठरावीक वेळ जवळ ठेवलं जातं. म्हणून डीएनएस बंद पडलं की चमत्कारिक लक्षणं दिसतात: आधी उघडलेल्या साइट चालतात, नव्या उघडत नाहीत, चालू असलेला कॉल चालूच राहतो. परीक्षा सोपी आहे. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला ‘आहेस का?’ विचारणारी कमांड. पिंग ८.८.८.८ ला (हा गूगलच्या डीएनएसचा पत्ता) उत्तर येतं, पण पोर्टलच्या नावाने एनएसलुकअप, म्हणजे नावावरून पत्ता विचारणारी कमांड, केलं की काहीच नाही, तर रस्ता ठीक आहे, पत्ता सांगणारा गायब आहे. राउटरमध्ये कंपनीच्या डीएनएसऐवजी ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका आणि कामाला लागा.

पोर्ट आणि टीसीपी-यूडीपी यांवर फार वेळ घालवत नाही. आयपी यंत्रापर्यंत नेतो, पोर्ट त्या यंत्रातल्या नेमक्या प्रोग्रामपर्यंत. वेबसाइट ४४३ वर, विंडोजची शेअर केलेली फोल्डरं ४४५ वर. टीसीपी प्रत्येक तुकडा पोहोचल्याची पावती घेतो. यूडीपी पाठवून मोकळा होतो, म्हणून व्हिडिओ कॉलला तो बरा. सर्व्हरला पिंग जातं पण फोल्डर उघडत नाही, तेव्हा बहुधा सर्व्हरच्या फायरवॉलने ४४५ अडवलेला असतो. विंडोजने ते नेटवर्क ‘पब्लिक’ धरलं की असं होतं, ते ‘प्रायव्हेट’ करा.

एक तक्रार नेटवर्कची नसूनही नेहमी आपल्याच माथी येते. एकाच जुन्या कॉम्प्युटरवर पोर्टल उघडत नाही, बाकी सगळीकडे उघडतं, आणि ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो. आधी घड्याळ बघा. मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी संपलेली असते, कॉम्प्युटर स्वतःला कित्येक वर्षं मागे समजतो, आणि साइटचं प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून जन्मालाच आलेलं नसतं. बॅटरी बदला, तारीख लावा.

स्पीडबद्दल दोन गोष्टी लोक सतत एकत्र करतात. ३०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ३०० मेगाबिट. फाइल मोजतात बाइटमध्ये, आठ बिटांचा एक. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही फाइल उतरेल सेकंदाला साधारण ३७ मेगाबाइटने. कंपनी फसवत नाहीये. दुसरी गोष्ट लेटन्सी, म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ. तो प्लॅन वाढवून कमी होत नाही. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई-लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन निदान ७२ मिलिसेकंद. आणि केबल सरळ रेषेत जात नाही, म्हणून प्रत्यक्षात शंभराच्या वर. १०० चा प्लॅन घ्या नाहीतर हजाराचा.

ती केबल समुद्रात उतरते ती आपल्याच मुंबईत. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर परदेशी केबली येतात, आणि पश्चिमेकडच्या बऱ्याचशा तांबड्या समुद्रातून आणि इजिप्तमधून युरोपकडे जातात. त्या चिंचोळ्या वाटेत काही झालं की इथे जाणवतं. जानेवारी २००८ च्या अखेरीस अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या तेव्हा भारतात नेट रडतखडत चालत होतं. देशातली वाहतूक तरी देशातच राहावी, मुंबईतल्या एका कंपनीच्या ग्राहकाचं पॅकेट मुंबईतल्याच दुसऱ्या कंपनीकडे परदेशातून फिरून येऊ नये, म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था निघाली. तिचं एक केंद्र मुंबईत आहे. ट्रेसर्ट ही कमांड चालवलीत की पॅकेट कुठल्या राउटरांवरून गेलं ते ओळीने दिसतं. मधल्या एखाद्या ओळीत नुसत्या चांदण्या आल्या म्हणून घाबरू नका. कित्येक राउटर उत्तर न देता पॅकेट पुढे पाठवतात. शेवटची ओळ आली की झालं.

वायफायच्या कांड्यांवर तर अजिबात विसंबू नका. त्या फक्त तुमचा आणि राउटरचा संबंध सांगतात. राउटरच्या पुढे तार तुटलेली असली तरी कांड्या पूर्णच दिसतील. आपल्याकडच्या दाट इमारतींत २.४ गिगाहर्ट्झवर पंचवीस-तीस नेटवर्कं सहज दिसतात आणि तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. जवळच्या यंत्रांना ५ गिगाहर्ट्झवर न्या. टॅलीच्या सर्व्हरला आणि त्यावर दिवसभर काम करणाऱ्यांना वायरच लावा.

तर हाक आली की करायचं काय? एकाचंच बंद आहे की सगळ्यांचं, हे उठायच्या आधी बसल्या जागेवरून विचारा. एकाचं असेल तर त्याची वायर, मग त्याचा आयपी. सगळ्यांचं असेल तर राउटरला, म्हणजे गेटवेला, पिंग करा. उत्तर नाही आलं तर स्विच किंवा राउटरच. आलं तर ८.८.८.८ ला. ते आलं तर डीएनएस. तेही ठीक असेल तर ती एकच साइट पडलेली आहे. रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला हे फारच घडतं आणि त्यावर आपल्याकडे इलाज नाही.

८.८.८.८ ला उत्तर नसेल तेव्हा ओएनटीवरचे दिवे बघा. एलओएसचा, म्हणजे ‘सिग्नल गेला’ सांगणारा, लाल दिवा लागला असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही. पावसाळ्यात हे जास्त होतं, पण नुसतं फायबर भिजल्यामुळे नाही. गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या केबलीवर फांदी पडते, जोडाच्या डब्यात पाणी शिरतं. लाल दिवा नाही, पॉनचा, म्हणजे फायबरची जोडणी ठीक असल्याचा, हिरवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर राउटरच्या वॅन पानावर पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्डने कंपनीशी होणारं लॉगिन, जोडलेलं आहे का ते बघा. नसेल तर बिल थकलंय का विचारा, आणि राउटरचं रिसेटचं भोक कुणी टाचणीने दाबलंय का तेही. रिसेट केलं की युजरनेम-पासवर्ड पुसला जातो. तो कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

आणि केबलवाल्याला फोन लावाल तेव्हा ‘नेट चालत नाही’ म्हणू नका. ‘एलओएस लाल आहे’ म्हणा, किंवा ‘पॉन हिरवा आहे, पण पीपीपीओई जोडत नाही’. पहिल्या वाक्याला तिकडून राउटर बंद करून चालू करा असं उत्तर येतं, दुसऱ्याला जोडणीचा माणूस.